पलंगावर शेगडी

नव्या घरात मी पोरांकडं एकच गोष्ट मागितली होती, पूर्वेची खोली. बाकी काय वाटेल ते करा म्हटलं. फरशी कोणती लावायची ती लावा, जिना आतून काढा नाही तर बाहेरून काढा, माझं काही म्हणणं नाही. असं मी वर्षातून एखाद्या वेळीच बोलते, तेव्हा ऐकणाऱ्यानं फायदा करून घ्यावा. मला फक्त पूर्वेची खोली, तिच्यात माझा पलंग आणि पलंगाशेजारी खिडकी. बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात वारं शेजाऱ्याला विचारून येतं. अठ्ठेचाळीस उन्हाळे मी तिथं पदरानं वारा घेत काढले. आता उरलेले तरी खिडकीपाशी काढीन म्हटलं.

ही खोली कुणी मला दान करत नव्हतं. आमचे हे गेले तेव्हा मोठा सुधाकर कॉलेजात होता आणि धाकटा विनायक अर्ध्या चड्डीत. केळीची आडत मी चालवली. दुसरी शिकलेली बाई आडत कशी चालवते ते बघायला लोक मुद्दाम यायचे. बघून गेले. इच्छापूर रस्त्यावरचा नव्या घराचा प्लॉट त्याच आडतीतून घेतला आणि तो माझ्या नावावर आहे.

आता सुधाकर आडत बघतो, विनायक सरकारी शाळेत मास्तर आहे. सुना दोन. मोठी अलका, येऊन बावीस वर्षं झाली, तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली काढण्याइतकं काम. धाकटी वंदना इंदूरची. तिची बादली आपोआप वर येते, दोर लागत नाही.

घराचा नकाशा विनायकच्या ओळखीच्या एका इंजिनीयरनं काढला. अरविंद त्याचं नाव, खंडव्याचा. चार वेळा घरी आला, चार वेळा पोहे खाल्ले, माझी खोली मी त्याला बोटानं दाखवली आणि तो 'हो आई, हो आई' म्हणत गेला. कागद तयार होऊन मंजुरीला सरकारी दफ्तरात गेला, मंजूरही झाला, पण हातात यायचा राहिला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाया धरायचं ठरलं. आखाजीला मुहूर्त विचारावा लागत नाही, अख्खा दिवस आपला.

आखाजीला दोन दिवस राहिले तेव्हा उखर्डू मिस्त्री दारात येऊन उभा राहिला.

"माय, नकाशा द्या. जमिनीवर आखणी करायची ना?"

"कागद दफ्तरात अडकलाय. तोंडी सांगते, लक्षात ठेव."

"तोंडी सांगितलेलं घर मी बांधत नाही. देडतलाईला एकदा बांधलं होतं. न्हाणीघराला दारच राहिलं नाही."

विनायकनं नकाशाची सीडी घरात ठेवली होती. तो स्वतः निवडणुकीचं ट्रेनिंग घ्यायला गेला होता, सुधाकर ट्रक भरत होता, आणि सुना आखाजीच्या सांजोऱ्या करत बसल्या होत्या. मी म्हटलं, द्या इकडं ती तबकडी, मी आणते छापून. वंदना म्हणाली, "आई, तुम्ही कशाला उन्हात? संध्याकाळी हे आणतील." मी म्हटलं, "तुझे हे मतं कशी मोजायची ते शिकून येऊ देत. मला छापायला मतं लागत नाहीत."

गोटूचं दुकान कलेक्टर ऑफिससमोर. आधी तो नुसत्या झेरॉक्स काढायचा. गेल्या वर्षी बऱ्हाणपूर जिल्हा झाला, मग ज्याला त्याला नकाशे लागायला लागले आणि गोटूनं बाकाएवढं लांब मशीन आणलं. त्यातून कागद साडीच्या ताग्यासारखा उलगडत बाहेर येतो.

"काकी, तुम्ही? विनायक सर नाही आले?"

"का? मला बघून मशीन लाजतं का तुझं?"

"नाही नाही, बैठो ना काकी." त्यानं स्टूल पुसून दिलं आणि तबकडी कॉम्प्युटरच्या पोटात घातली.

काळ्या पडद्यावर रंगीत रेघांचं घर उभं राहिलं. मला बरं वाटलं. माझी खोली जागच्या जागी होती. गोटूनं शेजारी एक यादी उघडली. त्या यादीत एकेका ओळीपुढं इवलासा दिवा काढलेला. काही दिवे पिवळे, पेटलेले. काही विझलेले.

"हे दिवे कसले रे?"

"लेयर आहेत काकी. पारदर्शक कागद समजा, एकावर एक ठेवलेले. एका कागदावर भिंती, एकावर दारं-खिडक्या, एकावर मापं. दिवा पेटला की तो कागद दिसतो, छपतो. विझवला की फाइल में तो है, पण छपत नाही."

"आणि हे विझलेले?"

"इंजिनीयर साहेबांनीच बंद ठेवलेत. जरूरत नसेल."

आता मला सांगा, मी पंचवीस वर्षं केळी घेतली. माल विकणारा वरचा थर नेहमी चांगलाच लावतो, हिरवागार, बोटासारखी सरळ केळी. त्याच्या खाली काय आहे ते गाडी तळापर्यंत उतरवल्याशिवाय कळत नाही. माझ्या दारात वरचा थर बघून गाडी कधी घेतली गेली नाही. माणूस ओळखीचा असो, नात्यातला असो, आधी तळ दाखव. सवयच ती. कॉम्प्युटर बघूनही माझ्या तोंडातून तेच निघालं.

"लाव सगळे दिवे."

"काकी, कागदावर फालतू गर्दी होईल."

"होऊ दे. अर्धं घर तुझ्या डब्यात राहिलं तर उखर्डू काय बांधणार? मग तो म्हणेल, न्हाणीघराला दार नाही."

गोटूला न्हाणीघराचं काही कळलं नाही, पण तो माझ्याशी वाद घालत नाही. त्याचा बाप घालायचा, त्याचं काय झालं ते त्याला माहीत आहे. एकेक दिवा लावत तो नावं वाचत गेला.

"हे झाडं. हे फर्निचर. हे गटार. हे बिजली."

"बिजलीचाच दिवा विझवला होता? शाबास इंजिनीयर."

"और ये..." गोटू जरा थांबला. "ह्याचं नाव 'बाद में' आहे."

"बाद में काय?"

"तेवढंच लिहिलंय. नंतरचं काम असेल काही."

"नंतरचं आत्ताच दाखव. लाव."

मशीन घरघरलं आणि कागद सरकत सरकत बाहेर आला. गोटूनं तो काउंटरवर पसरला, चार कोपऱ्यांवर स्टेपलर, पंच, डिंकाची बाटली आणि त्याचा चहाचा ग्लास ठेवला.

नकाशा वाचायला इंग्रजी लागत नाही. छप्पर उचलून वरून पाहिलं तर घर कसं दिसेल, एवढं डोक्यात आलं की झालं. गोदाम बांधताना मला ते आलं होतं. मी आधी दारातून आत शिरले, ओटी ओलांडली, मोठी बैठक पाहिली, उजवीकडं स्वयंपाकघर, त्याच्या मागं धान्याची कोठी, आणि मग डावीकडं वळून माझ्या खोलीत गेले.

माझा पलंग काढलेला होता. हौशीनं काढला होता त्या अरविंदनं, उशीसकट. आणि त्या उशीवर दोन गोल होते.

मी चष्मा पुसला. गोल तसेच. उशीवर दोन गोल, पायथ्याशी एक चौकोनी कुंडी आणि तिला नळ, आणि पलंगाच्या कडेनं कडप्प्याच्या ओट्याची लांब रेघ. सगळं ठिपक्याठिपक्यांनी काढलेलं. माझ्या पलंगावर शेगडी पेटलेली होती.

मग मी ठिपक्यांच्या मागं मागं चालत गेले. ठिपक्यांची एक भिंत बैठकीच्या मधोमध उभी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ठिपक्यांचा दुसरा जिना. ठिपक्यांचं दुसरं फाटक, रस्त्याकडं. एका घराची दोन घरं झालेली होती, आणि दुसऱ्या घराचं स्वयंपाकघर माझ्या खोलीत होतं.

नंतर म्हणजे कुणाच्या नंतर, ते दुसरी शिकलेल्या बाईलाही कळतं.

गोटू कानामागं पेनानं खाजवत म्हणाला, "काकी, हे चुकून छपलं. दुसरा साफ काढून देतो. फुकट."

"चुकलं काहीच नाही. गुंडाळी करून दे."

घरी येताना रिक्षात ती गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसले होते. माझं माहेर मलकापूरचं. लग्न होऊन आले तेव्हा माहेर-सासर एकाच राज्यात होतं. त्याच साली दिवाळीला भाऊ न्यायला आला आणि म्हणाला, आक्का, परवापासून तू परराज्यातली झालीस. कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर दोन राज्यांमधली रेघ ओढली होती. तेव्हा मी पंधरा वर्षांची, मला कोण विचारणार? पण आता मी त्रेसष्टची होते, आणि टेबल माझं होतं, पोहे माझे होते, जमीनही माझी होती. विचारायला पाहिजे होतं.

राग आला होता का? आला होता. डोळ्यात पाणीही आलं होतं. पण रिक्षावाला आरशातून बघतोय असं दिसलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, "समोर बघ, धूळ गेलीये डोळ्यात." आणि धूळ गेलीच आहे असं ठरवून टाकलं. रडून खोली मिळत नाही. रडणाऱ्या बाईला लोक पाणी देतात आणि परत आपल्या कामाला लागतात.

दोन दिवस मी त्या ठिपक्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. सुधाकरनं विचारलं, "नकाशा आला का?" मी म्हटलं, "आला, उखर्डूला देणार आहे." वंदना इकडची तिकडची बडबड करत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. हिचंच डोकं, मी मनात म्हणत होते. इंदूरला भावाभावांचे वेगळे फ्लॅट असतात, तिथूनच हे घेऊन आली. अलका बिचारी खाली मान घालून सांजोऱ्या लाटत होती. जेवताना मी तिला म्हटलंही, "अलके, तू आहेस म्हणून या घराला घरपण आहे." तिला ठसका लागला. मला वाटलं, कौतुकाची सवय नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळी घरातली घागर पुजून सगळे साडेआठला प्लॉटवर यायचे होते. मी सहाला गेले. उखर्डू आणि त्याची दोन माणसं चुन्याची पाटी, दोरी आणि खुंट्या घेऊन तयार होते. मी गुंडाळी उलगडली.

उखर्डूनं कागदाभोवती एक फेरी मारली. "माय, हे काय? पलंगावर शेगडी?"

"पलंग सोड, शेगडी सोड. भिंती आख."

"पण ठिपक्यांच्या भिंती म्हणजे पुढचं काम असतं. ते आत्ता आखत नाहीत."

"सरळ रेघा चुन्यानं आख, ठिपक्यांच्या विटांच्या भुकटीनं. पांढरं आणि लाल वेगळं दिसलं पाहिजे."

"सुधाकर भाऊंना विचारलंय ना?"

"तू मिस्त्री आहेस की वकील?"

त्यानं दोरी ताणली. उन्हं वर यायच्या आत अख्खं घर जमिनीवर उमटलं. पांढरं घर, आणि त्याच्या पोटातून जाणारी लालभडक रेघ. माझ्या खोलीच्या जागी उखर्डूनं लाल ओटाही काढला. मी काढ म्हटलं नव्हतं, पण त्याचं काम चोख असतं. मी माझी खुर्ची टेम्पोतून आणली होती, ती मी त्या ओट्यावर ठेवली आणि बसले.

साडेआठला व्हॅन आली. भटजी पुढं, मागं दोन्ही पोरं, सुना, नारळ, कलश, आणि वंदनाच्या हातात सांजोऱ्यांचा डबा. सुधाकर हसत हसत उतरला, चार पावलं टाकली आणि लाल रेघेपाशी आल्यावर त्याचं हसू तिथंच राहिलं. विनायक त्याच्या पाठीवर आपटला.

"उखर्डू!" सुधाकर ओरडला. "ही लाल भिंत कुणी आखायला सांगितली?"

उखर्डूनं चुन्याच्या हातानं माझ्याकडं दाखवलं.

"नकाशात आहे," मी म्हटलं. "तुमच्याच इंजिनीयरनं काढलेल्या नकाशात. दिवा विझवून ठेवला होता, मी लावला."

"आई, ते... ते आत्ताचं नाही. ते नंतरचं आहे," विनायक म्हणाला. पोरांना शाळेत शिकवतो, पण स्वतःला बोलायची वेळ आली की खडू सापडत नाही.

"नंतर म्हणजे कधी? तारीख सांग. आज आखाजी आहे, चांगला दिवस आहे, बोलून टाक."

"तारीख कशी सांगू आई? काहीतरीच बोलतेस."

"आई, तू शंभर वर्षं जगशील," सुधाकर म्हणाला.

"मग अजून सदतीस वर्षं तुमचा ओटा अडलेला राहणार. सकाळी मी खोकले की घरातलं कुणीतरी मनात म्हणणार, होतंय का आता स्वयंपाकघर? अशा खोलीत मला झोप लागेल? तुम्हाला लागली असती?"

भटजी घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "भटजी, आखाजीला घाई कसली? बसा सावलीत, सांजोरी खा." ते लगेच बसले.

मग मी वंदनाकडं वळले. "बोल. तुला वेगळी चूल पाहिजे तर माझ्या तोंडावर मागायची होती. माझ्या उशीवर मांडायची काय गरज होती?"

वंदनाचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही. तिनं अलकाकडं पाहिलं.

"तिनं नाही," अलका म्हणाली. "मी सांगितलं इंजिनीयरला."

सुधाकरनं बायकोकडं असं पाहिलं, जणू व्हॅनमधून दुसरीच कुणी उतरली.

"तू?" मी म्हटलं.

"तिसऱ्यांदा आला तेव्हा. पोह्यांची बशी देताना. तुमची खोली घ्या असं मी म्हटलं नव्हतं, आई. देवाशप्पथ. मी म्हटलं, पुढं कधी दुसरं स्वयंपाकघर करायचं झालं तर कुठं होईल, तेवढं दाखवून ठेवा. जागा त्यानं शोधली. भिंत, फाटकही त्यानंच काढलं. नंतर त्यानं या दोघा भावांना दाखवलं, तर ते म्हणाले, असू दे, पण आईला दिसायला नको."

"आणि दुसरं स्वयंपाकघर कशाला पाहिजे तुला? काय कमी आहे एका चुलीत?"

अलकानं पदर कमरेला खोचला. बावीस वर्षांत तिनं माझ्यासमोर पदर खोचला तो फक्त भांडी घासायला.

"बावीस वर्षं मी रोज सकाळी तुम्हाला विचारते, आई, भाजी कोणती करू? रोज. सण असो, सुतक असो. एक दिवससुद्धा माझ्या मनानं भाजी झाली नाही."

"काय करायची होती मग तुला?"

"शेवग्याच्या शेंगा."

"शेवग्यानं पोट बिघडतं."

"तुमचं बिघडतं," अलका म्हणाली. "माझं नाही बिघडत."

उखर्डूचा एक माणूस खुदकन हसला. उखर्डूनं त्याला चुन्याची पाटी उचलायला लावली.

मी खुर्चीवर बसून राहिले. दुसरी चूल पेटली की राजपुऱ्यात काय बोलतील ते मला अक्षरन् अक्षर पाठ होतं, कारण दुसऱ्यांच्या घराबद्दल ते मीच बोलले आहे. आता माझं नाव घेऊन बोलतील, कोकिळाबाई जिवंत असताना घर फुटलं. बघा, एवढा तोरा होता. पण समोर अलका उभी होती, कपाळावर घाम, पदर खोचलेला. मला माझी सासू आठवली. तिलाही मी असंच विचारायची, आत्याबाई, डाळ कोणती शिजवू? मी तर मनातल्या मनात तिचं तेरावं कितीदा जेवले. फक्त माझ्या वेळी ते छापायचं मशीन नव्हतं.

मी उठले.

"उखर्डू, ही लाल भिंत पुसून टाक. दुसरं फाटकही पूस. भिंत कुणीच मागितली नाहीये, त्या पोहेखाऊनं हौसेनं काढलीये. अलके, भिंत पाहिजे तुला?"

"नको," अलका म्हणाली.

"वंदना?"

"नको आई. मला तर काहीच नको होतं. मी तर आत्ता..."

"बरं, बरं, झाली तुझी बादली सुरू." मी पांढऱ्या रेघा ओलांडत मागच्या बाजूला गेले. मुख्य स्वयंपाकघराच्या मागं चुन्याचा एक चांगला मोठा चौकोन होता. "हे काय आहे, सुधाकर?"

"धान्याची कोठी. तूच सांगितली होतीस. वर्षाचा गहू, दादर ज्वारी, डाळी..."

"माहीत आहे मी काय सांगितलं होतं. उखर्डू, कोठी रद्द. इथं दुसरं स्वयंपाकघर कर. पश्चिमेला खिडकी काढ, धूर निघाला पाहिजे. पाण्याची लाइन शेजारूनच जाते, तोडफोड नको."

सगळ्यांना कळलं मी काय दिलं ते. कोठीची किल्ली अठ्ठेचाळीस वर्षं, आधी सासूच्या आणि मग माझ्या कमरेला आहे. घरात कुणी किती भात शिजवायचा ते त्या किल्लीवर ठरतं. आता ज्याची त्याची डाळ ज्याच्या त्याच्या डब्यात राहणार.

"आई, कोठी राहू दे," विनायक म्हणाला. "दुसरीकडं कुठं तरी करू."

"दुसरीकडं कुठं? माझ्या उशीवर?"

मी परत उखर्डूकडं वळले.

"आणि आत्ताच बांधायचं, नंतर नाही. पायाबरोबर. माझ्या डोळ्यांदेखत दोन चुली पेटतील. राजपुऱ्यात कुणी विचारलं घर फुटलं का, तर म्हणायचं, कोकिळाबाईनंच दिली दुसरी चूल, स्वतःच्या हातानं. मी दिली म्हटल्यावर कोण काय बोलतं ते बघते."

अलका पुढं आली आणि पायाला हात लावायला वाकली. मी म्हटलं, "पुरे, चुना लागेल साडीला." पण तिनं हात लावलाच. मी तिच्या डोक्यावर जरा जास्तच जोरात हात ठेवला.

"पण आई," वंदना म्हणाली, तिच्याच्यानं राहवेना, "तुम्ही जेवणार कुणाकडं?"

"जिच्या भाजीत मीठ बरोबर पडेल तिच्याकडं."

"मग माझ्याकडं कशाला येताय?" अलका म्हणाली. "तुमच्या मते माझ्या भाजीत तर बावीस वर्षं मीठ कमीच आहे."

मी तिच्याकडं पाहिलं. ही बादली आता वर यायला लागली, मी म्हटलं मनात, आणि आता ती थांबणार नाही. सुधाकर आधी हसला, मग भटजी, मग सगळेच. मी नाही हसले. कुणीतरी घरात न हसणारं लागतं.

पूजेला सुधाकर-अलका बसले, मोठे म्हणून. भटजी मंत्र म्हणत होते, विनायक नारळ शोधत होता. तेवढ्यात मी उखर्डूला हाक मारली आणि पूर्वेच्या चौकोनात नेलं. माझ्या खोलीतला लाल ओटा त्यानं पायानं पुसला होता, पण जमीन अजून गुलाबी दिसत होती. मी खुर्ची हलवली आणि जिथं पलंग येणार तिथं ठेवून बसले. जमिनीच्या जवळून वारं येत होतं.

"खिडकी कुठं धरलीस?"

"इथं माय. जमिनीपासून तीन फूट वर."

"एक फूट खाली घे."

"खाली? बाहेरचा माणूस आत बघेल की."

"आतली बाई बाहेर बघेल, ते बघ. मला पलंगावर पडून मागचं अंगण दिसलं पाहिजे, दोन्ही स्वयंपाकघरांच्या दारापर्यंत. कोण कुणाकडं जेवायला जातंय ते कळायला नको का मला?"

उखर्डूनं खिशातून खडू काढून खुंटीवर खूण केली. एक फूट खाली. मी मान डोलावली, आणि त्यानं दोरी नव्यानं ताणायला घेतली.